पाऊल आणि पावलाचा धनी

कर्ता अज्ञात असताना कृतीविषयी आपण किती बोलावे, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला नवा नाही. निनावी ओव्या आणि खंडित पोथ्या यांच्या सहवासात तो नित्य भेटतो. त्याची नैतिक बाजू मात्र मला उमगली ती प्राचीन संधिपाद प्राण्यांच्या अश्मीभूत पाऊलखुणांविषयी वाचताना.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या वालुकाश्मात अशा खुणांच्या रांगा आढळल्या. विल्यम लोगन यांनी त्यांचे नमुने १८५१ मध्ये लंडनला नेले. रिचर्ड ओवेन यांच्यासारख्या अधिकारी शरीररचनाशास्त्रज्ञाला त्यांत कासवाची चाल दिसली. पुढच्याच वर्षी अधिक नमुने पाहिल्यावर त्यांनी ते मत सोडले, चालणारा जीव संधिपाद असावा असे मांडले आणि ‘प्रोटिक्नाइट्स’ हे नाव दिले. हे नाव प्राण्याचे नव्हे, पावलांचे आहे. एकच प्राणी निरनिराळ्या चिखलात निराळ्या खुणा उमटवतो आणि भिन्न प्राण्यांच्या खुणा कधी सारख्या दिसतात. म्हणून या शास्त्रात आजही खुणेला स्वतंत्र नाव देतात.

या खुणा शोधणे हे धीराचे काम आहे. तिरप्या उजेडात जी लादी पावलांनी भरलेली दिसते, तीच माध्यान्ही कोरी भासते. थर उकलला की एका पृष्ठावर खळगे आणि दुसऱ्यावर त्यांचे उठाव मिळतात. दोन्ही जपावी लागतात. खरी कसोटी लादी स्वच्छ करताना लागते. पायाचा दाब गाळाच्या खालच्या थरांपर्यंत पोहोचत असल्याने दिसणारी खूण प्रत्यक्ष चाललेल्या पृष्ठभागाखालचीही असू शकते. अशा वेळी एक थर खरवडणारी सुई एक साक्ष उघडते आणि दुसरी कायमची पुसते. अंधुक पाऊल किंचित कोरून ठळक करणे हाताला सहज जमते. पण मग ते पाऊल त्या जीवाचे उरत नाही, आपले होते.

हे वाचताना मी अस्वस्थ झालो. तरुणपणी एका जीर्ण पोथीचे संपादन करताना कसरीने खाल्लेली अक्षरे मी ‘येथे हेच असणार’ अशा खात्रीने भरली होती आणि तसे कोठेही नोंदवले नव्हते. माझी अक्षरे वाचकांनी मूळ कवीची म्हणून वाचली.

याचा अर्थ तर्कच करू नये असा नाही. तर्कावाचून खूण मुकी राहते. पण ओवेन यांची चूक कागदावर होती, म्हणून ती वर्षभरात दुरुस्त होऊ शकली. तीच सुईने दगडावर उतरली असती तर दुरुस्तीला जागाच राहिली नसती.

क्वचित पावलांचा धनीही सापडतो. जर्मनीतील झोल्नहोफेनच्या चुनखडीत सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीची ९.७ मीटर लांबीची एक वाट आहे. २०१२ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. तिच्या टोकाशी ती चालून आलेला राजखेकडाच अश्मरूपाने पडलेला आहे. तेथेही ‘शोकांतिका’ हा शब्द आपला असतो. दगडात असतात ती अंतरे, वळणे आणि पावलांतील बदल.

जो स्वतःची बाजू मांडायला येऊ शकत नाही, त्याच्याशी प्रामाणिक राहण्याचा एकच मार्ग मला दिसतो: आपला तर्क लादीशेजारच्या चिठ्ठीवर लिहावा, लादीवर कोरू नये. त्या पोथीची नवी आवृत्ती निघाली, तर माझी अक्षरे मी कंसात घालीन.