नाचणारी मशीन

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या महागावी, १९८९ साली, कपडे धुण्याचं यंत्र आलं ते नागपूरहून एस.टी.च्या टपावर बसून, संत्र्यांच्या दोन करंड्यांच्या सोबतीनं. बाबांनी ते ओसरीत मांडलं, वर क्रोशाचं आच्छादन घातलं आणि आल्यागेल्याला सांगायला सुरुवात केली, "हिचे रोजचे दोन तास वाचवले बॉ आपण!"

यंत्र दोन टाक्यांचं. एकीत कपडे घुसळायचे, मग हातानं उचलून दुसरीत पिळायला टाकायचे. पाणी विहिरीचं, म्हणजे बादलीनं भरायचं. कॉलर आधी हातानं घासायची, नीळ नंतर हातानं द्यायची आणि मध्येच लाइन गेली तर सगळंच हातानं. एवढं सोडलं तर बाकी सारं यंत्रच करायचं.

आणि वाचलेले दोन तास? त्यांवर घरातल्या प्रत्येकानं हक्क सांगितला. आजीला शेवया आठवल्या, आत्याला सरगुंडे. आम्ही पोरं तीन दिवस चालवायचा सदरा रोज बदलू लागलो. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली यावर अख्खं पुस्तकच लिहिलं, की यंत्रं आली तरी घरच्या बाईचं काम काही घटलं नाही, स्वच्छतेच्या अपेक्षा तेवढ्या वाढल्या. बाई महागावला आल्या नसाव्यात, पण आमचं घर त्यांनी बरोब्बर ओळखलं.

यंत्राला एक खोड होती. पिळायची टाकी फिरू लागली की ते थडथडत नाचायचं, चार बोटं पुढे सरकायचं. म्हणून आई त्यावर हात ठेवून स्टुलावर बसायची. अशात आजीनं हाक मारली की उत्तर ठरलेलं, "मशीन नाचून राह्यली न, सोडून कशी येऊ?" दुसऱ्या हातात वाचनालयातली कादंबरी. पिळायची टाकी पाच मिनिटांत थांबते. आईची पाऊण तास नाचायची.

स्वीडनच्या हान्स रोस्लिंग यांनी २०१० साली एका भाषणात सांगितलं, की त्यांच्या घरी यंत्र आलं तेव्हा आजी त्याच्यापुढे बसून शेवटपर्यंत बघत राहिली आणि आई म्हणाली, चला, आता वाचनालयात जाऊ. आमच्याकडे दोन्ही भूमिका एकटीनंच केल्या.

पुढे नोकरीच्या गावी स्वतः कपडे धुवायची वेळ आली तेव्हा कळलं, की कपडे एका बाजूला कोंबले तरच ते नाचतं. नीट पसरले तर जागचं हलत नाही. आता, डोक्यावर दोन गुंड घेऊन गप्पा मारत चालणाऱ्या माझ्या आईला तोल कळत नव्हता, हे कुणी मानावं?

तेव्हापासून मी पेचात आहे. याला लबाडी म्हणावं काय? चोरी म्हणावी तर माल कुणाचा? स्वतःच्याच पेटीतून लपूनछपून पैसे काढणाऱ्याला कोणतं कलम लागतं? बरं, गुन्हा नाही म्हणावं, तर 'मी वाचत बसले आहे' एवढं साधं वाक्य तिला सरळ का म्हणता येऊ नये? इथं माझी वकिली अडते. कारण हाका मारणाऱ्यांत मीही होतो, आणि बहुधा एखाद्या बटणासाठी.

परवा तिला विचारलंच. आमच्याकडे आता आपोआप धुणारं, हूं की चूं न करणारं यंत्र आहे. ती त्याच्यासमोरच पुस्तक घेऊन बसली होती.

"तुले आज कळलं?" ती म्हणाली. "तुह्या बाबाले पह्यल्याच महिन्यात कळलं होतं. आजीनं लई सांगतलं, पण त्यायनं मेकॅनिक नाही बोलावला."