किटलीच्या जागी किटली

घरातली एक वस्तू निकामी झाली आणि तिच्या जागी दुसरी आणली, तर गृहस्थाचा परिग्रह, म्हणजे संग्रह, वाढला की होता तेवढाच राहिला? जैन आचारशास्त्राने या प्रश्नाचा कीस काढला आहे. इंदूरमध्ये तो नुसता पोथीतला प्रश्न राहत नाही. सर हुकुमचंदांनी इतवारिया बाजारात काच मंदिर बांधले ते याच शहरात, आणि इथल्या व्यापारउदिमात जैन समाजाचे वजन आजही मोठे आहे. उकळलेलेच पाणी पिण्याचा नेम, विशेषतः चातुर्मासात, इथल्या कितीतरी घरांत पाळला जातो. होळकरांच्या काळापासून शेजारी नांदणाऱ्या मराठी कुटुंबांना तो नवा नाही. पूर्वी त्यासाठी चुलीवर पातेले चढायचे. आता बऱ्याच ओट्यांवर ते काम विजेची किटली करते. ती बंद पडली, की राजवाड्यामागच्या बर्तन बाजारात किंवा महाराणी रोडवर फेरी ठरलेलीच.

साधूला अपरिग्रहाचे महाव्रत असते, गृहस्थाला परिग्रह-परिमाणाचे अणुव्रत. जमीन, घर, सोनेरुपे, धान्य, भांडीकुंडी यांची मर्यादा गृहस्थाने स्वतःच ठरवायची आणि पाळायची. गंमत अशी की शास्त्रकारांना माणसाच्या हुशारीचा पुरता अंदाज होता. भांड्यांची संख्या ठरवून घेतलेला माणूस जास्तीची भांडी आली की दोन वितळवून एक मोठे करील आणि नेम मोडला नाही असे म्हणेल, हे त्यांनी आधीच ओळखले. हेमचंद्राचार्यांच्या परंपरेतील श्रावकाचार, म्हणजे गृहस्थाचे आचारशास्त्र, अशा पळवाटेला अतिचार म्हणतो, म्हणजे व्रत शब्दाने शाबूत, अर्थाने ढासळलेले. दीड लिटरची साधी किटली जाऊन तिच्या जागी काचेची, निळ्या दिव्याची, पाच तापमाने दाखवणारी किटली आली, तर मोजदादीत किटली एकच राहते. वाढले आहे ते मोल आणि आसक्ती. म्हणून बदलीच्या खरेदीत पहिला प्रश्न किमतीचा नाही, कामाचा आहे: जुनी जे काम करत होती, त्याहून वेगळे काम नव्या किटलीकडून घरात कुणाला हवे आहे का?

पाणी उकळण्यामागची भूमिकाही इथे पाहावी लागते. जैन मतानुसार कच्च्या पाण्यात अप्‌कायिक जीव, म्हणजे पाणी हेच ज्यांचे शरीर असे जीव, असतात आणि उकळताना ते मरतात. मग अहिंसेचा धर्म पाणी उकळायला कसे सांगतो? परंपरेचे उत्तर असे, की कच्च्या पाण्यात जन्ममरण चालूच राहते. एकदा उकळले की ठरावीक काळ ते थांबते. श्वेतांबर परंपरेत ही मुदत पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहर धरतात. प्रहर तीन तासांचा, म्हणजे पावसाळ्यात नऊ तास. हे उत्तर सगळ्यांना पटेलच असे नाही, पण त्यातून निघणारा नियम पक्का आहे: लागेल तेवढेच उकळावे. पाणी आणि अग्नी विनाकारण खर्चणे हा प्रमाद, आणि तो अनर्थदंडात, म्हणजे निष्कारण हिंसेत, मोडतो. शिवाय मुनींसाठी मुद्दाम उकळलेले पाणी त्यांना चालत नाही, त्यात उद्दिष्ट-दोष येतो. घराने स्वतःसाठी उकळलेल्यातूनच ते घेतात. तेव्हा किटलीचे आकारमान घरातल्या माणसांवरून ठरते. दोन माणसांच्या घरात १.८ लिटरची किटली घेतली, तर तिच्या आतली किमान पातळीची खूण पाहावी. ती अर्ध्या लिटरवर असेल, तर एका कपासाठीही दर वेळी अर्धा लिटर उकळावे लागेल.

व्यवहाराचा हिशेबही याच दिशेने जातो. २५ अंशांचे एक लिटर पाणी उकळायला, वाया जाणारी उष्णता धरून, सुमारे ०.१ युनिट वीज लागते. म्हणजे एका युनिटात दहा लिटरच्या आसपास. १५०० वॅटच्या किटलीला त्यासाठी चार मिनिटे पुरतात. वॅट वाढले की वेळ वाचतो, वीज जवळजवळ तेवढीच लागते. १५०० वॅटची किटली साडेसहा अँपियर ओढते, म्हणून सहा अँपियरच्या जुन्या सॉकेटपेक्षा सोळाचे बरे. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे पाणी ९८ अंशांच्या जवळपास उकळते. तरीही किटली वेळेवर बंद होते, कारण ती आकडा मोजत नाही. वाफ एका फटीतून द्विधातूच्या पट्टीपर्यंत पोहोचते, पट्टी वाकते आणि खटका पडतो. झाकण घट्ट बसत नसेल तर वाफ भलतीकडून निसटते आणि किटली उकळतच राहते. दुकानात म्हणूनच आधी झाकण आणि बिजागरी तपासावी. आतून स्टेनलेस स्टील, झाकलेले तापक, कोरडी तापल्यास बंद होण्याची सोय आणि आयएसआय चिन्ह, एवढे असले की पुरे. सुटा तळ आणि खटका बदलून मिळतो का, हे विचारायला लोक विसरतात. टिकाऊपणाचा खरा कस तिथेच आहे.

अर्थात जुनी किटली खरोखर गेली आहे का, हे त्याही आधीचे. इंदूरला नर्मदेचे पाणी जलूदहून, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, उपसून आणलेले मिळते. अनेक वस्त्या बोअरवर चालतात. माळव्याच्या काळ्या पाषाणातले बोअरचे पाणी पुष्कळदा जड असते. उकळले की त्यातले चुन्याचे क्षार तळाशी पांढरे थर धरतात, किटली उशिरा तापते, कधी अवेळी बंदही पडते. अशी किटली मेलेली नसते, मळलेली असते. लिंबूसत्त्वाचे पाणी तीत उकळून तासभर ठेवले की थर सुटतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबे, लोखंड, पितळ यांची शुद्धी क्षार, आंबट आणि पाणी यांनी सांगितली आहे. तिथला विचार विटाळाचा आहे, चुन्याचा नाही, तरी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी: मातीचे भांडे फार बिघडले तर पुन्हा भाजूनही शुद्ध होत नाही, पण धातूला बहुधा परत आणता येते. कल्हईवाल्याचा सगळा धंदा याच समजुतीवर उभा होता. किटलीच्या प्लास्टिकच्या मुठीची सोय मात्र कोणत्याच स्मृतीत नाही.

विजेचा वाद वेगळा आहे. वीज ही अग्निकायिक, म्हणून सजीव, असे अनेक श्वेतांबर साधू मानतात. श्वेतांबरांतल्याच तेरापंथ या पंथाने ती निर्जीव मानली. अणुव्रती गृहस्थाला यामुळे किटली वर्ज्य ठरत नाही, कारण चुलीचा अग्नी तरी कुठे निर्जीव होता? फार तर गॅस की वीज एवढीच निवड उरते आणि ती घरोघर आपापल्या परंपरेने होते.

जैनांबाहेरही हा विचार इंदुरात पोहोचला आहे. विनोबा १९६० साली इथे राहिले, विसर्जन आश्रम त्याच वेळचा. गांधी-विनोबांच्या व्रतांत गरजेपेक्षा जास्त घेणे ही सरळ चोरी, तिला अस्तेयाचा भंग म्हटले आहे. जैन व्रत गृहस्थाला हद्द आखून देते आणि तिच्या आत मोकळा सोडते. हे दुसरे व्रत प्रत्येक वस्तूपाशी थांबवून गरज विचारते. किटलीपुरते पाहता पहिले अधिक निभावण्यासारखे आहे, कारण गरज सिद्ध करण्यात माणूस पटाईत असतो.

राहिली जुनी. नवी आल्यावर ती माळ्यावर गेली, तर परिमाणाच्या हिशेबात घरात किटल्या दोन झाल्या, चालती एक आणि बंद एक. व्रताला त्यातला फरक दिसत नाही. दुरुस्त होणारी असेल तर कारागिराकडे द्यावी, नाहीतर काढून टाकावी. इंदूरची कचरागाडी सहा प्रकारचा कचरा वेगळा घेते, त्यात इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचा कप्पा स्वतंत्र असतो. तार गुंडाळून, तळासकट, किटली त्याच कप्प्यात जाते.