खालचा सूर

बऱ्हाणपूरहून असीरगडाकडे निघालं की वाटेत निंबोला लागतं. तिथल्या एका केळीवाल्याच्या मुलाला बेस गिटारचं वेड लागलं. बाग चांगली पिकली त्या वर्षी वडिलांनी त्याला एक जुनी गिटार घेऊन दिली. तिला चारच तारा. ई, ए, डी, जी.

मुलाचा कान तयार होता. मोबाइलवर गाणं लावायचं, दोन-तीनदा ऐकायचं आणि वाजवायचं, एवढंच त्याचं शिक्षण. लग्नसराईत त्याला बऱ्हाणपूरच्या एका ऑर्केस्ट्रात जागाही मिळाली. लोक नाचत होते, बिदागी मिळत होती. मुलगा खूश होता.

गावात एक म्हातारे मास्तर राहत. तरुणपणी ते बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. मग रेल्वेने मुंबई गाठली आणि बरीच वर्षं रेकॉर्डिंग स्टुडिओत नोटेशन उतरवून द्यायचं काम केलं. अरेंजर सगळ्या वाद्यांचं एकत्र लिहायचा. मास्तर त्यातून व्हायोलिनचा कागद वेगळा, ट्रम्पेटचा वेगळा, बेसचा वेगळा काढून द्यायचे. आता त्यांचे हात कापत. क्लॅरिनेट पेटीत बंद होती.

एका संध्याकाळी मुलगा ओट्यावर वाजवत बसला होता. मास्तर थांबले, गाणं संपेपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “हात गोड आहे तुझा. पण गाणं असं नाही.”

“मोबाइलवर असंच आहे, मास्तर.”

“एवढ्याशा स्पीकरातून खालचा सूर निघतच नाही, पोरा. वरचं तू ऐकतोस, खालचं मनानं भरतोस.”

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी एक पिवळा पडलेला कागद आणला. पाच-पाच रेघा आणि त्यांवर काळे ठिपके. “माझ्या गोव्याच्या सरांनी सरावासाठी लिहिलेलं. हे वाजव.”

“एकदा वाजवून दाखवा, लगेच उचलतो.”

मास्तरांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं थरथरत होती. “माझ्याच्यानं आता होत नाही. सर गेले. याची रेकॉर्ड कुठंच नाही. जे आहे ते या कागदावर.”

मुलाच्या काकांना हे पटलं नाही. “आपलं संगीत गुरुमुखातून येतं. कागदावरून कधी सूर लागतो का?” ते म्हणाले.

मास्तरांना राग आला नाही. ते म्हणाले, “भातखंडे गावोगाव फिरले, उस्तादांच्या चिजा ऐकून त्यांनी स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकमालिका मराठीतून छापली. त्या चिजा आज कुणाचंही पोर शिकू शकतं. आणि गोव्याचं सांगू? तिथं चर्चच्या शाळेत लहान पोरांना आधी नोटेशन वाचायला शिकवत, मग व्हायोलिन हातात देत. तीच पोरं मोठी होऊन मुंबईच्या स्टुडिओत आली. पन्नास-पन्नास वादक, सकाळी कागद हातात पडायचा, आणि त्याच दिवशी गाणं रेकॉर्ड. पाठ करायला वेळ कुठला? माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. पुढे 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’त शिष्यानं एका गाण्यात गुरूचं नाव घातलं. सगळा देश ते नाव गुणगुणला.”

काका गप्प झाले. त्या रात्रीपासून शिकवणी सुरू झाली.

मास्तरांनी गिटारला हात लावू दिला नाही. आधी नुसत्या टाळ्या. एक, दोन, तीन, चार. चार मात्रांचा एक बार. कागदाच्या सुरुवातीला एक वळणदार खूण होती आणि तिच्या शेजारी दोन टिंबं. “या दोन टिंबांच्या मधली रेघ एफची. तिथून घरं मोजायची,” मास्तर म्हणाले. मग मोकळ्या तारांची घरं आली. जी सगळ्यांत वरच्या फटीत, डी मधल्या रेघेवर, ए सगळ्यांत खालच्या फटीत. ई पाच रेघांत मावत नाही, म्हणून तिच्यासाठी खाली एक छोटी रेघ ओढायची. मुलाला ती बाहेर राहिलेली ई सगळ्यांत आधी ओळखू आली.

फार सावकाश चाललं होतं. जे गाणं कानानं घटकाभरात बसायचं, तेवढ्याच लांबीच्या कागदाला आठवडा लागायचा. मुलगा दोनदा कंटाळून घरी निघून गेला. दोन्ही वेळा परत आला, कारण त्या ठिपक्यांत काय आहे हे त्याला कळायला हवं होतं, आणि सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

पावसाळा सरता सरता त्यानं तो पिवळा कागद पुढ्यात घेतला आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाजवला. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. पाचव्या बाराला त्यांनी डोळे उघडले.

“इथं काय वाजवलंस?”

“जागा रिकामी होती, भरली.”

“रिकामी नाही. तिथं विरामाची खूण आहे. सरांनी ती मात्रा मोकळी ठेवली होती. परत वाजव.”

मुलानं परत वाजवलं. पाचव्या बारात पहिल्या मात्रेवर हात थांबवला, मनात मोजलं, मग पुढचा सूर सोडला. तो एकच सूर आता घरभर घुमला. मुलगा स्वतःच दचकला. इतके दिवस लग्नातल्या प्रत्येक गाण्यात तो अशा सगळ्या जागा बुजवत आला होता.

कान मोठाच, त्याच्यावाचून वादक होत नाही. पण कानानं शिकायचं तर आधी कुणीतरी वाजवावं लागतं. ज्याला वाचता येतं त्याला गेलेल्या माणसाचंही शिकवणं पोचतं, आणि कुठं थांबायचं हेही त्याच्याकडूनच कळतं.

पुढच्या आठवड्यात मुलगा वहीचं पान घेऊन आला. पट्टीनं पाच रेघा ओढून त्यावर त्यानं आठ बार स्वतः रचून लिहिले होते. गिटार त्यानं मुद्दामच घरी ठेवली होती. मास्तरांनी चष्मा लावला, पान उजेडात धरलं आणि बोटानं मांडीवर ठेका धरत ते गुणगुणू लागले. मुलाच्या मनातली चाल, जशीच्या तशी. चौथ्या बाराशी ते अडखळले.

“साडेतीनच मात्रा भरतायत इथं. मोजून बघ.”

मुलानं मोजलं. साडेतीनच होत्या. त्यानं खिशातून खोडरबर काढलं.