संग्रह कोणासाठी?

मनुष्याला संग्रहाची हौस उपजतच असते. आमच्या शाळेच्या दिवसांत मुंबईत मुले काड्यापेट्यांवरची चित्रे जमवीत, मुली बांगड्यांचे तुकडे जमवीत, आणि घरातील वडील माणसे जुन्या दिवाळी अंकांची चळत माळ्यावर ठेवून तिला कोणालाही हात लावू देत नसत. हल्ली येथे स्टॅनमोरमध्ये आमच्या पिढीच्या मंडळींत एक वेगळीच हौस दिसते. जुने संगीतप्रधान चित्रपट ब्लू-रे तबकडीवर घ्यावेत आणि कपाटात ओळीने मांडून ठेवावेत, अशी ती हौस. आमच्याही घरी असे एक कपाट आहे. तेव्हा पुढील प्रश्न आम्ही इतरांबरोबर स्वतःलाही विचारीत आहोत: हा संग्रह कोणासाठी? आपण काही जपतो आहोत, की नुसते साठवतो आहोत?

प्रथम ही वस्तू काय आहे ते सांगू. ब्लू-रे तबकडी २००६ साली बाजारात आली. आकार डीव्हीडीचाच, बारा सेंटिमीटर व्यासाचा. पण ती वाचण्यासाठी तांबड्याऐवजी निळसर-जांभळा लेसर किरण वापरतात. हा किरण अधिक बारीक पडतो, म्हणून तेवढ्याच जागेत पाचपटीहून अधिक माहिती मावते. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट, तर येथे २५. पुढे २०१६ साली याहूनही सूक्ष्म चित्र देणारी ‘फोर-के’ तबकडी आली. जुन्या संगीतपटांना याचा विशेष लाभ झाला. ‘माय फेअर लेडी’ (१९६४) किंवा ‘द साउंड ऑफ म्युझिक’ (१९६५) हे चित्रपट नेहमीच्या जवळजवळ दुप्पट रुंदीच्या फिल्मवर घेतलेले होते. त्या फिल्मवरचा बारीक तपशील व्हिडिओ कॅसेटच्या काळात घरबसल्या कधी दिसलाच नव्हता. आता ऑड्री हेपबर्नच्या टोपीवरची काळी-पांढरी फीत अगदी समोर धरल्यासारखी दिसते.

शिवाय बोलता बोलता पात्राने मध्येच गाऊ लागावे, यात मराठी माणसाला नवल वाटत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले, तेव्हापासून आपल्याला त्याची सवय आहे. म्हणून हॉलिवुडचे संगीतपट पाहताना आमच्या पिढीला परके वाटले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोणाही संग्राहकाला विचारा, ‘एवढे कशाला हो जमवता?’ तो म्हणेल, ‘जपले नाही तर नाहीसे होईल.’ हे म्हणणे कितपत खरे आहे?

इतिहासाने पाहता त्यात पुष्कळ तथ्य आहे. किर्लोस्कर मंडळीतील भाऊराव कोल्हटकरांचा आवाज ऐकण्यासाठी लोक रात्र रात्र बसत. भाऊराव १९०१ साली वारले, आणि ग्रामोफोन कंपनीने हिंदुस्थानात पहिले ध्वनिमुद्रण केले ते १९०२ साली कलकत्त्यास. दोनेक वर्षांच्या फरकाने तो आवाज कायमचा गेला. दुसरे उदाहरण तर आपल्या घरचेच आहे. हिंदुस्थानचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. त्यात सात गाणी होती. दिग्दर्शक अर्देशिर इराणी. मूळ नाटक पारशी रंगभूमीसाठी लिहिले होते ते आपल्या समाजातील जोसेफ डेव्हिड पेणकर यांनी. पहिला बोलपट एका बेने इस्राएल लेखकाच्या नाटकावरून निघाला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तो चित्रपट आज कोणालाही पाहता येत नाही. त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. काही छायाचित्रे तेवढी राहिली आहेत.

याच्या उलट उदाहरणे घ्या. ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) या चित्रपटाची मूळ निगेटिव्ह अमेरिकेत रॉचेस्टर येथील संग्रहालयाच्या आगीत १९७८ साली जळाली. तरीही तो चित्रपट आज स्वच्छ, टवटवीत रंगांत तबकडीवर मिळतो, कारण त्याच्या चांगल्या प्रती अन्यत्र जपलेल्या होत्या. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२), म्हणजे पहिला मराठी बोलपट, ‘आलम आरा’हून एकाच वर्षाने धाकटा, पण तो शिल्लक आहे. पुण्यास १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने जुनी रिळे मिळवण्यात आयुष्य वेचले, म्हणून आपल्या हाती जे राहिले ते राहिले. यावरून एवढे निश्चित होते की जे अनेकांच्या हाती असते ते टिकते, आणि जे एकाच खोलीत असते ते एका काडीने जाते.

परंतु येथे थांबून विचार केला पाहिजे. टिकली ती मूळ फिल्म, आणि ती जपणारी संस्था. आमच्या कपाटातील तबकडी ही त्या फिल्मची सावली आहे. कारखान्यातून अशा हजारो निघतात. उद्या आमची तबकडी फुटली म्हणून जगातून काही नाहीसे होणार नाही. शिवाय तिचेही आयुष्य तिला वाजवणाऱ्या यंत्राएवढेच. सोनी कंपनीने घरी भरण्याच्या कोऱ्या ब्लू-रे तबकड्या बनवणे २०२५ साली बंद केले. वारा कोणीकडे वाहतो ते यावरून दिसते. तेव्हा ‘आम्ही सिनेमा वाचवतो’ असे संग्राहकाने म्हणणे म्हणजे गाडीखालून चालणाऱ्या कुत्र्याने गाडी आपणच ओढतो असे समजण्यासारखे आहे.

मग संग्राहक काहीच जपत नाही काय? जपतो. पण ते बहुधा त्याच्या ध्यानात नसते.

‘द किंग अँड आय’ (१९५६), ‘वेस्ट साइड स्टोरी’ (१९६१) आणि ‘माय फेअर लेडी’ या तीन चित्रपटांत तीन वेगवेगळ्या नायिका गाताना दिसतात, पण त्या गाण्यांतला आवाज बव्हंशी एकाच बाईचा आहे. मार्नी निक्सन तिचे नाव. तिन्ही चित्रपटांच्या श्रेयनामावलीत तिचा उल्लेख नव्हता. आपल्याकडेही तेच होते. ‘महल’ (१९४९) चित्रपटातील अत्यंत गाजलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव ‘कामिनी’ असे छापले होते. कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव; गाणाऱ्या होत्या लता मंगेशकर. पेणकरांचे नाव राहिले, पण तो बोलपट गेला. मार्नी निक्सनचे काम राहिले, पण नाव कित्येक वर्षे पडद्याआड होते. या दोन्हींत अन्याय आहे, आणि हा दुसऱ्या प्रकारचा अन्याय दूर करणे सामान्य माणसाच्या हाती असते. चित्रपट पुन्हा पुन्हा पाहणारा, नामावली वाचणारा, ‘हा आवाज कोणाचा?’ असे विचारणारा कोणीतरी असावा लागतो. जपणे म्हणजे वस्तूबरोबर तिची ओळखही जपणे.

येथे आम्हाला आमच्या व्यवसायातील एक गोष्ट सांगावीशी वाटते. आम्ही या देशात अनेक वर्षे नर्सचे काम केले. पेशंट वॉर्डात दाखल झाला की त्याच्याजवळच्या वस्तूंची वहीत नोंद करावी लागते: घड्याळ, चष्मा, कवळी, पाकीट. या नोंदीचा एक नियम आहे. ‘सोन्याची अंगठी’ असे कधी लिहायचे नाही. ‘पिवळ्या धातूची अंगठी, एक’ असे लिहायचे, कारण सोने की पितळ हे ठरवणे नर्सचे काम नव्हे. पेशंट गेला म्हणजे त्याच वहीवर सही घेऊन वस्तू नातलगांच्या हाती द्यायच्या. असे कितीदा केले असेल याची गणती नाही. दर वेळी मनात येई की ही अंगठी कोणी घातली, कोणत्या दिवशी घातली, तिच्यासाठी कोणी काय विकले, हे सगळे त्या माणसाबरोबर गेले. वहीत उरली ती पिवळी धातू.

आमच्या कपाटांचेही असेच होणार आहे, हे आपण स्वच्छ ओळखावे. आपल्या मुलांची घरे लहान आहेत, आवडी निराळ्या आहेत. आपल्या मागे त्यांच्या हाती येतील त्या ‘प्लॅस्टिकच्या निळ्या पेट्या, दोनशे’. त्या धर्मादाय दुकानात जातील, आणि मुलांना त्याबद्दल दोष देता येणार नाही. जे त्यांना कधी दाखवले नाही, ज्याविषयी कधी सांगितले नाही, त्याची किंमत त्यांनी कशी ओळखावी? मुलांना कदर नाही, ही तक्रार आपल्या वयाची माणसे फार लवकर करतात. दाखवले किती वेळा, हे आधी विचारावे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आता सर्व काही पडद्यावर बटण दाबताच मिळते. खरे आहे, आणि ज्याला गुडघेदुखीने उठवत नाही त्याला ती मोठीच सोय आहे. पण ते बिऱ्हाड भाड्याचे आहे. कंपनीचा करार संपला की आज असलेला चित्रपट उद्या तेथे नसतो, आणि महिन्याचे पैसे भरूनही आपल्या मालकीचे काही होत नाही. तबकडी हाती असली तर ती दुसऱ्याच्या हाती देता येते. आमच्या मते तिचे खरे मोल यातच आहे.

या देणे-घेण्याविषयी कायद्यानेही एक मजेदार परिस्थिती निर्माण केली आहे. ब्रिटनमध्ये स्वतः विकत घेतलेल्या वस्तूची स्वतःपुरती नक्कल करण्याची मुभा ऑक्टोबर २०१४ मध्ये दिली गेली, आणि २०१५ साली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. म्हणजे शेजाऱ्याला नक्कल करून द्यायची सोय नाही. मूळ तबकडीच उसनी द्यावी लागते, आणि ती परत येईपर्यंत आपले कपाट तेवढे रिकामे राहते. आम्हाला हे वाईट वाटत नाही. स्वतःजवळ ठेवून दिलेल्या नकलेत औदार्य थोडे. स्वतःकडची वस्तू काही काळ नसणे पत्करून दिली, तर त्याला देणे म्हणावे. मात्र परगावी पाठवताना एक ध्यानात ठेवावे. या तबकड्यांना विभाग असतात. ब्रिटन व इस्राएल दोन्ही ‘बी’ विभागात येतात, म्हणून अश्दोदच्या बहिणीने पाठवलेली तबकडी स्टॅनमोरमध्ये चालते. पण हिंदुस्थान ‘सी’ विभागात असल्याने मुंबईहून आलेली चालेलच असे नाही. फोर-के तबकड्यांना हे बंधन नाही.

आणि हे देणे कोणाला? वॉर्डात आम्ही अशी वृद्ध माणसे पाहिली आहेत की ज्यांना सकाळी काय खाल्ले ते आठवत नसे, लेकीचे नाव आठवत नसे. पण तरुणपणचे गाणे लागले की ओठ हलू लागत आणि शब्द जसेच्या तसे बाहेर पडत. अशी माणसे आज आपल्याही घरांत आहेत. त्यांना एकटेपणी चित्र किती स्वच्छ आहे याची पर्वा नसते. कोणीतरी तबकडी घेऊन येऊन शेजारी दोन तास बसले, एवढे त्यांना पुरते. कपाटात वर्षभर बंद पडलेली तबकडी त्या दोन तासांपुरती तरी कोणाच्या कामास येते.

पूर्वी आपल्याकडे ‘कसेल त्याची जमीन’ असा कायदा झाला. संग्रहालाही तोच न्याय लावावा असे आम्हाला वाटते: पाहील आणि दाखवील त्याची तबकडी. ज्या वाचकांच्या घरी असा संग्रह असेल त्यांना आमची एवढीच विनंती आहे. नवी तबकडी आणण्यापूर्वी जुन्यांपैकी एक कोणाला तरी दाखवावी. आणि प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी घालून ठेवावी: हा चित्रपट प्रथम कोठे पाहिला, कोणाबरोबर पाहिला, गाणे खरे कोणी गायले. चिठ्ठी मराठीत लिहावी, आणि मुलांना मराठी वाचता येत नसेल तर खाली इंग्रजीतही लिहावी. पुढे पेट्या कोणाच्याही हाती गेल्या, तरी उघडणाऱ्याला पिवळ्या धातूपलीकडचे काही सापडेल.