कलेक्टरी की परदेश?

मुलगा इंजिनिअर झाला म्हणजे आईबापांस वाटते, आता सुटलो. पण खरा पेच तेथूनच पडतो. कोणी म्हणतो, दिल्लीच्या आयोगाची परीक्षा दे, कलेक्टर हो. कोणी म्हणतो, कर्ज काढ पण परदेशी जाऊन शीक. वारीच्या वाटेवर हा प्रश्न हल्ली आमच्या कानी वरचेवर पडतो, की बाबांनो, यातली चांगली वाट कोणती?

विचारणाराच्या मनात उत्तर बहुधा ठरलेलेच असते. येथे राहून अधिकारी होणे ही सेवा, आणि परदेशी जाणे हा पैशाचा लोभ. ही वाटणी आम्हास पटत नाही. साहेबांच्या गाडीवरचा लाल दिवा 2017 साली उतरला, पण लोकांच्या मनातला काही उतरला नाही. त्या दिव्यासाठी जो परीक्षेस बसला, तो सेवेस निघाला असे कसे म्हणावे? उलट, पाण्याचे वा पुलांचे शास्त्र शिकावे म्हणून जो समुद्रापार गेला, तो लोभीच कशावरून? चिंतामणराव देशमुख केंब्रिजला शास्त्र शिकले आणि 1918 साली आय.सी.एस. परीक्षेत पहिले आले. दोन्ही वाटा ते चालले. पण 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडून दिले, हे आम्हास अधिक मोठे वाटते. जे मिळवले ते वेळ आली तर सोडताही यावे.

कोणी म्हणेल, सरकारी कॉलेजात शिकलेल्या मुलावर लोकांचे ऋण असते. खरे आहे. पण ते फेडायला कलेक्टरच व्हावे लागते असे थोडेच आहे? विश्वेश्वरय्या 1883 साली पुण्यास इंजिनिअर झाले, आणि सरकारी नोकरीत इंजिनिअरच राहून 1903 साली त्यांनी खडकवासल्याच्या धरणास आपोआप चालणारे दरवाजे बसवले. म्हणजे दोन वाटांखेरीज तिसरीही आहे. जी विद्या शिकलो तीच नीट करावी. आपण मात्र तिला वाटच समजत नाही!

आता व्यवहार पाहू. आयोगाच्या परीक्षेस 2023 साली दहा लाखांवर अर्ज आले आणि शेवटी 1016 जण निवडले गेले. हजारात एक म्हणा. खुल्या गटास वयाच्या 32 वर्षांपर्यंत 6 वेळा बसता येते. म्हणजे ऐन उमेदीची वर्षे अभ्यासिकेत जातात. परदेशाचे म्हणाल तर जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठे शिकवण्याची फी घेत नाहीत, पण राहण्याखाण्याचा पैसा आधी दाखवावा लागतो. अमेरिकेस फीच मोठी. साडेसात लाखांवरच्या कर्जास बँका बहुधा तारण मागतात, आणि ते बहुधा बापाचे राहते घर असते. तेथे नोकरी लागली नाही आणि मुलगा परतला, तर तोच हप्ता येथल्या पगारातून फेडावा लागतो.

यावरून एक गोष्ट उघड होते. परीक्षेत मुलाची वर्षे पणास लागतात, परदेशात आईबापांचे घर. धर्माचा प्रश्न आहे तो येथे. दुसऱ्याच्या मालकीचे पणास लावण्याचा अधिकार कोणास? "अजून एकदा बस रे" म्हणणाऱ्या बापाने स्वतःस विचारावे, ही हौस पोराची की गावात माझी मान उंच व्हावी म्हणून? आणि घराच्या कागदावर सही मागणाऱ्या मुलाने आईला आकडा, व्याज, मुदत सारे उलगडून सांगावे. ती भाबडी आहे म्हणून तिची सही सोपी समजू नये.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. निघण्याआधी घरच्यांनी एकत्र बसून मर्यादा ठरवावी. इतके प्रयत्न, इतके कर्ज, त्यापुढे नाही. हातची विद्या गंजू देऊ नये. आणि मर्यादा आली की मुलाने लाज न धरता परतावे, घरच्यांनी टोमणा न मारता दार उघडावे. उरलेले नऊशे नव्व्याण्णव काही वाया गेलेले नसतात. आपण त्यांना तसे वागवतो म्हणून ते खचतात. बंधूंनो, एका वर्षी वारी चुकली तर पुढल्या वर्षी घडते. पंचविशीतले वर्ष मात्र पुन्हा येत नाही. ते पोराचे आहे, त्याला विचारून खर्चावे.