दीक्षा : मंत्राची आणि ॲपची

केंद्र शासनाने २०१७ साली शिक्षकांसाठी सुरू केलेल्या डिजिटल व्यासपीठाचे नाव 'दीक्षा' असे आहे. ते इंग्रजी आद्याक्षरांची जुळवाजुळव करून बनवलेले असले, तरी ज्या शब्दाशी ती जुळवली गेली तो शब्द धर्मशास्त्राचा आहे, आणि बीदर व कलबुर्गी या सीमेवरच्या जिल्ह्यांत त्याचा मूळ अर्थ अजून जिवंत आहे. दीक्षा म्हणजे गुरूने अधिकारी शिष्याला विधिपूर्वक आपल्या परंपरेत घेणे. येथे 'अधिकार' म्हणजे सत्ता नव्हे, तर ज्ञान पेलण्याची शिष्याची तयारी. लिंगायत परंपरेत गुरू इष्टलिंग शिष्याच्या तळहातावर ठेवतो. आज तळहातावर मोबाइल असतो, आणि पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड, म्हणजे ठिपक्यांचा काळा-पांढरा चौकोन, स्कॅन केला की धड्याचा व्हिडिओ सुरू होतो. मग औराद किंवा भालकी तालुक्यातल्या मराठी शाळेत फळ्यापाशी उभे असलेले गुरुजी नेमके कशासाठी उरतात, हा प्रश्न केवळ प्रशिक्षणवर्गाचा राहत नाही; तो गुरुतत्त्वाचा होतो.

यंत्र माहिती देते आणि गुरू संस्कार देतो, हे याचे नेहमीचे उत्तर. शिक्षकदिनाच्या भाषणात ते शोभून दिसते, परंतु या प्रदेशाच्या इतिहासापुढे टिकत नाही, कारण देहधारी माणसावाचूनही गुरू असू शकतो, हे येथल्या परंपरांनी यंत्रे येण्याच्या कितीतरी आधी मान्य केलेले आहे. गाणगापूरला नृसिंहसरस्वतींच्या निर्गुण पादुका आहेत; गुरू देहाने निघून गेले तरी तेथेच आहेत अशी भाविकांची श्रद्धा असून पादुकांचे दर्शन एका लहानशा झरोक्यातून घ्यावे लागते. बीदरला नानक झिरा आहे. ज्या शीख पंथाचे ते तीर्थ, त्याच्या दहाव्या गुरूंनी १७०८ साली नांदेडला देहधारी गुरूंची मालिका थांबवून ग्रंथालाच गुरुपद दिले. याच बीदरमध्ये १४७२ च्या सुमारास महमूद गावानचा मदरसा उभा राहिला आणि त्याच्या ग्रंथालयात सुमारे ३००० हस्तलिखिते होती असे सांगतात; हस्तलिखित हेही त्या काळचे तंत्रच होते, याचा विसर नव्या साधनांवर रागावणाऱ्यांना सहज पडतो.

साधन निर्जीव आहे हा आक्षेप म्हणूनच लटका पडतो. खरी कसोटी गुरुचरित्राच्या रचनेतच सापडते. हा सबंध ग्रंथ सिद्ध आणि नामधारक यांच्या संवादातून उलगडतो; नामधारक शंका विचारतो आणि सिद्ध पुढची कथा सांगतो, म्हणजे कथेला चाल मिळते ती शिष्याच्या न कळण्यातून. ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर यांची मातृभाषा कन्नड होती असे मानले जाते, तरीही त्यांनी ओवी मराठीत रचली, हेही येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारी यंत्रेही आली आहेत, असे कोणी म्हणेल, आणि ते खरेच आहे. परंतु वर्गातल्या अज्ञानाचा बहुतेक भाग प्रश्नाच्या रूपात येतच नाही, आणि सीमाभागात तर तो भाषेच्या उंबऱ्यावरच अडतो. गुरुजी 'हालू नको' म्हणाले, तर कन्नड घरातून आलेल्या मुलाला आधी दूध आठवेल, कारण कन्नडमध्ये 'हालु' म्हणजे दूध. ते मूल काही विचारत नाही. नुसते पाहत राहते. व्हिडिओ तोवर पुढच्या वाक्यावर गेलेला असतो. ती नजर ओळखून थांबणे यालाच जुन्या परिभाषेत अधिकार जाणणे म्हणतात.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा क्यूआर कोडचे फार कौतुक झाले आणि पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटल्याचेही. त्यामानाने त्यांच्या कामाचा क्रम मात्र दुर्लक्षित राहिला: विद्यार्थिनींची भाषा कन्नड आहे हे पाहून त्यांनी आधी ती भाषा कष्टाने आत्मसात केली, पहिली ते चौथीची पुस्तके तिच्यात आणली, आणि मग त्यांत ते चौकोन बसवले.

भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टदेवरू यांच्याविषयी बीदर जिल्ह्यात अजून सांगितले जाते, की निजामाच्या अमलात उर्दूची सक्ती असताना त्यांच्या शाळेच्या दारावर पाटी उर्दूतच असे, आणि आत मुले कन्नड शिकत.