कोडनं स्वतःविषयी काय सांगावं?

4 जून 1996 रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन 5 रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं आणि सुमारे 40 सेकंदांत ते आकाशात फुटलं. चौकशी सुरू झाली तेव्हा दोष निघाला तो एका जुन्या, नावाजलेल्या सॉफ्टवेअरमध्ये. रॉकेटची दिशा आणि गती मोजणाऱ्या यंत्रणेतला हा भाग एरियन 4 वर बिनतक्रार चालला होता, म्हणून तो नव्या रॉकेटवरही जसाच्या तसा घेतला गेला. त्यात एके ठिकाणी 64 बिटांची दशांश संख्या 16 बिटांच्या पूर्णांकात बदलली जात असे. एरियन 4 च्या उड्डाणमार्गावर ही संख्या हाताबाहेर जाणार नाही, असा हिशेब करूनच तिथे संरक्षण ठेवलं नव्हतं. एरियन 5 चा आडवा वेग सुरुवातीपासूनच बराच जास्त होता. संख्या मावली नाही आणि राखीव यंत्रणा व मुख्य यंत्रणा एकाच कारणानं पाठोपाठ बंद पडल्या.

चौकशी मंडळाच्या अहवालातली एक नोंद मला त्या स्फोटाइतकीच महत्त्वाची वाटते. संरक्षण का ठेवलं नाही, याचं स्पष्टीकरण खुद्द सोर्स कोडमध्ये कुठेच सापडलं नाही. निर्णय विचारपूर्वक घेतला होता, तो कागदपत्रांत होताही. पण घटक एका रॉकेटवरून दुसऱ्यावर गेला तेव्हा त्याची अट त्याच्याबरोबर गेली नाही. जाँ-मार्क जेझेकेल आणि बर्ट्रांड मेयर यांनी 1997 मध्ये यावर लेख लिहून म्हटलं, की नेमक्या अटी सोबत नसतील तर घटकाचा पुनर्वापर करूच नये. त्यांच्या निष्कर्षावर वादही झाले. नुसती अट लिहून काय होणार, खऱ्या उड्डाणमार्गाची चाचणीच घेतली नव्हती, असं टीकाकारांचं म्हणणं. ते खरं आहे. तरीही कोणती चाचणी घ्यायची हे सुचायला ती अट आधी डोळ्यांसमोर असावी लागते, म्हणून मी मेयर यांच्या बाजूनं आहे. त्यांच्या आयफेल भाषेत घटकाच्या पूर्वअटी आणि उत्तरअटी क्लासमध्येच लिहिल्या जातात, चालत्या प्रोग्रॅममध्ये तपासता येतात आणि वापरणाऱ्यासाठी क्लासचा सारांशही त्यांच्यासकट आपोआप काढता येतो.

घटक आणि त्याचं वर्णन हा विचार मुळात बराच जुना. 1968 च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोनं भरवलेल्या परिषदेत बेल लॅब्जचे डग मॅक्इलरॉय यांनी सॉफ्टवेअरच्या घटकांचे कारखाने हवेत अशी मांडणी केली. साइन काढणारं साधं फंक्शन घ्या, ते म्हणाले. अचूकता, भक्कमपणा, वेळ आणि मेमरीचा खर्च यांनुसार त्याचे अनेक प्रकार असावेत आणि गिऱ्हाइकानं कॅटलॉग बघून हवा तो निवडावा. यात वर्णन घटकाच्या बाहेर आहे आणि ते वाचणारा माणूस आहे.

वाचणारं यंत्रच असेल तर? स्मॉलटॉक भाषेत क्लास हाही एक ऑब्जेक्टच असतो, त्यामुळे तुझ्याकडे कोणत्या मेथड आहेत हे त्यालाच विचारता येतं. 1982 मध्ये एमआयटीत ब्रायन कँटवेल स्मिथ यांनी आपल्या प्रबंधात प्रोग्रॅमनं स्वतःकडे पाहण्याचा, म्हणजे रिफ्लेक्शनचा, पद्धतशीर विचार मांडला. व्यवहारात मात्र याची निकड भासली ती खिडक्या-बटणांच्या काळात. व्हिज्युअल बेसिक 1991 मध्ये आलं. बटण उचलून फॉर्मवर ठेवायचं आणि शेजारच्या चौकटीत त्याचा रंग, मजकूर, आकार बदलायचा. या चौकटीला बटणाचे गुणधर्म कळायचे कसे? डेल्फीनं 1995 मध्ये याचं सरळ उत्तर दिलं: जे गुणधर्म चौकटीत दिसायला हवेत ते क्लासमध्ये ‘पब्लिश्ड’ या शब्दाखाली लिहा.

जावानं दुसरी वाट धरली. 1997 मध्ये जेडीके 1.1 सोबत जावाबीन्स आले. त्यात वर्णनासाठी वेगळा क्लास लिहिण्याची सोय होती, पण तो लिहिला नाही तर साधनानं मेथडच्या नावांवरून अंदाज करायचा. ‘गेटकलर’ आणि ‘सेटकलर’ अशी जोडी दिसली की घटकाला ‘कलर’ नावाचा गुणधर्म आहे असं समजायचं. ही सोय इतकी सोपी होती की बहुतेकांनी तीच उचलली. एक बिनपैशाचा संकेत पुढे अख्ख्या जावा जगाचा पाया झाला.

नावावरून अर्थ काढण्यातला धोका छोट्या प्रमाणात जेयुनिट हे जावातलं चाचणीचं साधन वापरणाऱ्यांनी रोज पाहिला. जुन्या जेयुनिटमध्ये चाचणीचं नाव ‘टेस्ट’पासून सुरू व्हावं लागे. टाइप करताना अक्षरांची अदलाबदल झाली तर ती चाचणी गुपचूप वगळली जाई, आणि पडद्यावरची पट्टी हिरवीच राही. न झालेल्या चाचणीबद्दल कुणाला शंका येणार?

सर्व्हरवरच्या घटकांसाठी, म्हणजे ईजेबीसाठी, 1999 पासून वर्णन एक्सएमएल फाइलमध्ये गेलं. व्यवहार कुठे सुरू व्हावा, कोणाला परवानगी असावी, हे सारं कोडबाहेर. हेतू चांगला होता: घटक एकानं लिहायचा, जोडणी दुसऱ्यानं करायची, आपल्या सर्व्हरवर बसवताना तिसऱ्यानं कोडला हात न लावता त्या नोंदी बदलायच्या. प्रत्यक्षात ही तिन्ही कामं बहुतेक एकाच टीमकडे असत. मग मेथडचं नाव बदललं आणि फाइलमधलं राहिलं, असं होऊ लागलं. डबा एका फळीवर आणि त्याची चिठ्ठी दुसऱ्या फळीवर, असा तो कारभार.

चिठ्ठी डब्यावर आणून चिकटवण्याचं काम सी-शार्पनं 2002 मध्ये केलं. चौकोनी कंसात लिहिलेला ॲट्रिब्यूट क्लासच्या माथ्यावर बसतो, कंपायलर तो तपासतो आणि चालता प्रोग्रॅम तो वाचू शकतो. या भाषेचे मुख्य रचनाकार आंदर्स हेल्सबर्ग म्हणजे आधी डेल्फी घडवणारेच. 2004 च्या जावा 5 मध्ये अशाच खुणा ॲनोटेशन या नावानं आल्या. दोनच वर्षांत जेयुनिट 4 नं ‘@टेस्ट’ स्वीकारलं. आता या खुणेत चूक झाली तर कंपायलर जागीच अडवतो.

नावावरून अंदाज करण्याची जुनी सवय मात्र सुटली नाही, आणि तिची किंमत 2022 मध्ये कळली. स्प्रिंग फ्रेमवर्क वेबफॉर्ममधून आलेली मूल्यं ऑब्जेक्टच्या गुणधर्मांत भरतं, आणि गुणधर्म शोधतं जावाबीन्सच्या रीतीनं. आता जावातल्या प्रत्येक ऑब्जेक्टला ‘गेटक्लास’ ही मेथड असतेच. संकेत म्हणतो, म्हणजे ‘क्लास’ नावाचा गुणधर्म आहे. तो कुणी जाहीर केला नव्हता, फॉर्मसाठी तर कुणालाच नको होता. त्यातून क्लासलोडरपर्यंत, म्हणजे क्लास मेमरीत आणणाऱ्या ऑब्जेक्टपर्यंत, पोचता येतं हे 2010 मध्ये उघड झालं आणि स्प्रिंगनं ती वाट बंद केली. 2017 मध्ये जावा 9 नं क्लासला ‘गेटमॉड्यूल’ ही नवी मेथड दिली आणि क्लास, मॉड्यूल, क्लासलोडर असा वळसा घालून तीच वाट पुन्हा उघडली. मार्च 2022 मध्ये हे बाहेर आलं. टॉमकॅट या वेबसर्व्हरवर विशिष्ट पद्धतीनं बसवलेल्या ॲप्लिकेशनमध्ये फॉर्मच्या खोट्या रकान्यांतून लॉगची सेटिंग बदलून हल्लेखोर सर्व्हरवर स्वतःची फाइल लिहू शकत होता. जावा 9 लिहिणाऱ्यांनी गैर काही केलं नव्हतं. त्यांनी एका मेथडला साजेसं नाव दिलं होतं, एवढंच. दुरुस्ती करताना स्प्रिंगनं धोरण उलटं केलं: क्लासच्या बाबतीत नकोत त्या वाटा बंद करत बसण्याऐवजी नावासारखे मोजके गुणधर्म सोडून बाकी सगळे वगळले.

म्हणून माझा आग्रह जाहीर वर्णनाचा आहे. लेखकानं सांगितलं नाही ते यंत्रानं गृहीत धरू नये. पण जाहीर करणंही पुरेसं नाही, कारण ॲनोटेशन म्हणजे केवळ एक दावा. ‘हे मूल्य कधीच नल नसेल’ असं चिन्ह मी मेथडवर लावलं तरी जावाचा कंपायलर त्याची शहानिशा करत नाही. त्यात अनेक वर्षं प्रत्येक लायब्ररीचं आपापलं ‘नॉननल’ होतं आणि त्यांच्या अर्थांत बारीक फरक होते. जेस्पेसिफाय या संयुक्त प्रकल्पानं 2024 मध्ये या चिन्हांची आणि त्यांच्या अर्थाची एकसमान व्याख्या असलेली 1.0 आवृत्ती काढली. स्प्रिंगनंही आपल्या कोडमध्ये तीच चिन्हं घेतली आणि सोबत नलअवे नावाचं तपासणीचं साधन जोडलं. आता तिथे कोणी ‘नल नाही’ म्हणून सांगितलं आणि आतून नल परत केलं, तर बिल्ड पुढे सरकत नाही.